शिट्टी, झेंडी आणि दोन कागद

फुटबॉलच्या मैदानावर सर्वांत नावडता माणूस कोण, तर पंच. बावीस खेळाडू चेंडूच्या मागे, प्रेक्षक खेळाडूंच्या मागे आणि सगळ्यांचा राग पंचाच्या मागे! त्यातून फ्री किक द्यायची वेळ आली की बिचाऱ्याची खरी परीक्षा. नियम तसा सरळ आहे. फाऊल जिथे झाला तिथे चेंडू स्थिर ठेवायचा आणि समोरच्या संघाने दहा यार्ड, म्हणजे ९.१५ मीटर, लांब उभे राहायचे. पण किक मारणारा चेंडू हळूच वीतभर पुढे सारतो आणि भिंत करून उभे असलेले गडी पंचाची पाठ वळताच पाऊलभर पुढे येतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीचा धुरा कसा दरवर्षी बोटभर सरकतो आणि त्यावरून भाऊ भाऊ कसे कोर्टात जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

अशा वेळी हातात फक्त शिट्टी असलेल्या एकट्या माणसाचे बावीस जणांनी का ऐकावे? या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला एक इंग्रज शाळामास्तर होता. त्याचे नाव केन ॲस्टन.

ॲस्टन यांचा जन्म १९१५ सालचा, इंग्लंडमधल्या कोल्चेस्टर गावचा. शिक्षकी पत्करली आणि १९३६ साली ते पंच झाले. मग महायुद्ध आले. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले आणि युद्धानंतर सिंगापूरमधल्या चांगी येथील युद्धगुन्ह्यांच्या न्यायासनावर त्यांनी काम केले. तिथून परतल्यावर पुन्हा शाळा आणि पुन्हा शिट्टी. पुढे ते एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. मला वाटते, वर्गातली चाळीस पोरे सांभाळणाऱ्याला बावीस खेळाडू सांभाळण्याची निम्मी विद्या तिथेच मिळते.

त्या काळी लाइन्समनच्या हातातली झेंडी यजमान संघाच्या रंगाची असे. एका धुकट दिवशी ती झेंडी कुणाला दिसेना. ॲस्टन यांनी भडक पिवळ्या झेंड्या आणल्या. गोष्ट लहानशी, पण त्यांच्या पुढच्या साऱ्या विचाराचे बीज तिच्यात आहे. आमच्याकडच्या शंकरपटात हजारो माणसांचा गलका चालू असताना बैलजोड्या सुटतात त्या झेंडीवर. तिथे झेंडी लांबवर दिसली नाही तर पट संपण्याआधी डोकी फुटतील.

१९६२ साली चिलीत विश्वचषक झाला. चिली विरुद्ध इटली या सामन्याचे पंच ॲस्टन होते. इटालियन पत्रकारांनी चिलीबद्दल वाईटसाईट लिहिल्यामुळे वातावरण आधीच तापलेले होते. सुरुवातीच्या काही मिनिटांतच त्यांनी इटलीच्या फेरिनीला बाहेर काढले, तर तो जाईना. शेवटी पोलीस मैदानात आले. पुढे इटलीचा आणखी एक खेळाडू बाहेर गेला. चिलीच्या सांचेझने मात्र ठोसा मारूनही तो आत राहिला. सामना चिलीने २-० ने जिंकला. इतिहासात तो सँटियागोची लढाई म्हणून राहिला आणि ॲस्टन यांच्यावर पुष्कळ टीका झाली.

दुसरा एखादा माणूस कडवट होऊन घरी बसला असता. ॲस्टन १९६६ च्या विश्वचषकात पंचांवर देखरेख करायला उभे राहिले. तिथे इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला बाहेर काढले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते, रॅटिनला जर्मन येत नव्हते. रॅटिन हलेना. अखेर ॲस्टन स्वतः समजूत घालायला मैदानाकडे गेले. गंमत म्हणजे त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाली होती, ती त्यांना मैदानात कळलीच नव्हती!

लंडनच्या रस्त्याने मोटार हाकत घरी जाताना ॲस्टन यांना वाहतुकीचा दिवा दिसला. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. त्याला ना भाषा लागते, ना दुभाष्या. पत्नी हिल्डा यांनी लगेच जाड कागदाचे दोन तुकडे कातरून दिले, असे सांगतात. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात हे दोन रंग प्रथमच पंचांच्या खिशात आले आणि त्या संबंध स्पर्धेत एकाही खेळाडूला बाहेर काढावे लागले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड निघाले १९७४ साली आणि ते मिळाले चिलीच्याच एका खेळाडूला.

मी उभी हयात बँकेत काढली. कर्जाचा अर्ज नामंजूर झाला म्हणून शेतकरी जितका चिडतो, त्याहून अधिक तो कारण न सांगता चार हेलपाटे घालायला लावले की चिडतो, हे मी काउंटरच्या आतून पाहिले आहे. नकार माणूस पचवतो. आपल्याबद्दल काय ठरले हे न कळणे मात्र त्याला पचत नाही.

फ्री किकचेही तेच आहे. चांगला पंच आधी चेंडूची जागा बोटाने दाखवतो, शिट्टीची वाट पाहायला सांगतो आणि मग दहा यार्ड मागे भिंत उभी करतो. किक अप्रत्यक्ष असेल तर हात वर धरून ठेवतो. तो ओरडत नाही, कुणाच्या अंगावर धावून जात नाही. २०१४ च्या विश्वचषकापासून तर पंच फेसाची पांढरी रेघ ओढू लागले. धुऱ्यावर दगड रोवला की भांडण अर्धे मिटते, तसेच हे.

ॲस्टन २००१ साली वारले. आज आपल्या गावोगावी सामने भरवायला दहा जण पुढे येतात, पण शिट्टी हातात घ्यायला कोणी येत नाही. शिव्या कोण खाणार? पंच मिळेनासे झाले, तर पोरांनी खेळायचे कसे? येत्या रविवारी एखाद्या मैदानाच्या कडेला उभे राहिलात, तर शिट्टी वाजल्यावर लगेच ओरडू नका. आधी त्या पोरसवदा पंचाचा हात कुठे आहे, ते पाहा.