शपथेसाठी सहा वर्षे झगडलेला माणूस

चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील वकिलाच्या कचेरीत कारकून. गरिबीमुळे मुलाची शाळा अकराव्या वर्षीच सुटली. पुढे तो चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवू लागला. बिशप येणार म्हणून पाद्र्याने त्याला चर्चच्या ३९ धर्मसूत्रांचा अभ्यास करावयास सांगितले. त्याने ती शुभवर्तमानांशी ताडून पाहिली. मेळ बसेना. त्याने नम्रपणे शंका विचारल्या. शंकांचे निरसन तर झाले नाहीच, उलट नास्तिक ठरवून त्याचे शिकवणे बंद करण्यात आले. तीन दिवसांत मत बदल, नाहीतर नोकरी सोड, असा निर्वाणीचा इशारा मिळाला. सोळा वर्षांच्या त्या मुलाने नोकरी सोडली आणि घरही सोडले.

पोटासाठी त्याने कोळसा विकला, सैन्यात शिपाईगिरी केली. नंतर कारकुनी करीत गावोगाव व्याख्याने दिली. १८६६ साली त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली.

१८८० साली नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी त्यांना पार्लमेंटमध्ये पाठविले. तेथे ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी लागे. ब्रॅडलॉ यांनी साधी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. मग शपथ घेण्यास ते पुढे झाले, तर नास्तिकाला तीही घेऊ देईनात. एक रात्र त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवले. परंतु मतदार डगमगले नाहीत. त्यांनी १८८१, १८८२, १८८४ आणि १८८५ साली त्यांनाच निवडून दिले. अखेर जानेवारी १८८६ मध्ये त्यांना शपथ घेऊन आसनस्थ होता आले. १८८८ साली त्यांच्याच प्रयत्नाने कायदा झाला व शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. ज्यांचा धर्मच शपथेला मनाई करतो, अशा श्रद्धावंतांनाही त्याचा लाभ झाला.

१८८९ च्या डिसेंबरात ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले होते. ३० जानेवारी १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. ते मृत्युशय्येवर असतानाच पार्लमेंटने त्यांच्याविरुद्धचा जुना ठराव कामकाजातून काढून टाकला.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ३७.२ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदविले. आज तेथे हे सांगताना कोणाला घर सोडावे लागत नाही. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही ईश्वराची शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, असे दोन्ही मार्ग खुले आहेत.

बंधुभगिनींनो, आपण नुकतीच जुनी वाट सोडली आहे. उद्या आपल्याच मुलाने धम्माविषयी शंका विचारली, तर त्याला दटावू नका. शेजारी बसवा आणि त्याच्याबरोबर शोध घ्या.