चार्ल्स हेन्री टर्नर : एकेका मुंगीचा अभ्यासक

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ 1873 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील जनतेला तो अर्पण केलेला आहे, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. तो ग्रंथ निघाला त्या वर्षी, ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात, एक सहा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा वाढत होता. चार्ल्स हेन्री टर्नर हे त्याचे नाव. पुढे कीटकांच्या वर्तनाचा अभ्यास ज्या थोड्या माणसांनी शास्त्राच्या पातळीवर नेला, त्यांत या मुलाची गणना झाली. आणि तरीही त्याचे बहुतेक आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले.

टर्नर यांचा जन्म 3 फेब्रुवारी 1867 चा. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. वडील थॉमस हे एका चर्चची देखभाल करीत, आई ॲडेलिन रुग्णांची शुश्रूषा करी. मुलाला विद्येची गोडी लागली आणि आईवडिलांनी ती जपली. गेन्स हायस्कूलमधून वर्गात पहिला येऊन तो बाहेर पडला. सिनसिनाटी विद्यापीठातून 1891 मध्ये पदवी आणि 1892 मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली. पक्ष्यांच्या मेंदूवरील त्यांचे विद्यार्थिदशेतील संशोधन त्याच सुमारास छापून आले.

पण त्यांच्या पुढील सगळ्या कामाचे बीज 1892 च्या एका छोट्या निबंधात आहे, आणि तो निबंध कोळ्यांवर आहे. (कोळी हा कीटक नव्हे, हे शाळेतील मुलांना ठाऊक असतेच.) जाळे विणणे ही कोळ्याची उपजत प्रेरणा, ती सर्वांत सारखीच, असे त्या काळी मानले जाई. टर्नर यांनी निरनिराळ्या जागांवरची जाळी पाहिली, काही मुद्दाम मोडली आणि पुन्हा विणली जाताना पाहिली. कोणतीही दोन जाळी तंतोतंत सारखी नव्हती. कोपरा कसा आहे, आधार कोठे आहे, हे पाहून प्रत्येक कोळी आपापला मार्ग काढीत होता. विणण्याची ओढ जन्मजात असली तरी विणायचे कसे, याचा तपशील त्या त्या जीवाच्या बुद्धीतून येतो, असा निष्कर्ष पंचविशीतल्या या तरुणाने काढला.

1893 पासून 1905 पर्यंत ते अटलांटा येथील क्लार्क विद्यापीठात होते. ही संस्था कृष्णवर्णीयांसाठी होती. याच काळात, 1895 मध्ये, पहिली पत्नी लिओंटीन निवर्तली. आपल्या एका मुलाचे नाव त्यांनी डार्विन रोमानिस असे ठेवले होते. प्राण्यांच्या बुद्धीवर लिहिणारे रोमानिस हे डार्विन यांचे अनुयायी. बापाचे मन कोठे गुंतले होते ते यावरून कळते. नंतर टेनेसी राज्यातील एका शाळेचे मुख्याध्यापकपद आणि जॉर्जियातील ऑगस्टा येथे अध्यापन, असा थोडा भटका काळ गेला. याच धावपळीत शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी 1907 साली मिळविली. प्रबंधाचा विषय होता, मुंग्या घरी कशा परततात.

हा प्रबंध जरा सविस्तर पाहिला पाहिजे. आपल्या मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर आंब्याच्या किंवा काजूच्या झाडाखाली उभे राहिलेल्या कोणालाही पाने शिवून घर करणारे हुमले परिचित आहेत. एकामागून एक चाललेली रांग पाहिली की वाटते, सगळे एकाच साच्यातले. त्या काळच्या अनेक शास्त्रज्ञांनाही तसेच वाटे. जॅक लोब हे मोठे नाव. प्रकाश, वास, स्पर्श यांच्या ओढीने कीटक यंत्रासारखा ढकलला जातो, अशा विचाराचे ते पुरस्कर्ते होते. दुसऱ्या काहींच्या मते मुंगीला घराची एक गूढ उपजत जाण असते.

टर्नर यांनी पुठ्ठ्याचा एक लहानसा मंच केला, त्यावरून खाली वारुळाकडे जाणारे उतार लावले, आणि मंचावर मुंग्या व त्यांची पिल्ले ठेवली. मुंग्या चाचपडत वाट शोधीत, हळूहळू ती शिकत. वाट शिकल्यावर दिव्याची जागा एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली, की त्या गोंधळत आणि चुकीच्या उताराकडे वळत. म्हणजे वास हा एकच आधार नव्हता. प्रकाशाची दिशा, आजूबाजूच्या खुणा आणि मागचा अनुभव हे सगळे मिळून मुंगीचा निर्णय होत होता.

यातला सर्वांत विलक्षण भाग दोन मुंग्यांचा आहे. सूक्ष्मदर्शकासाठी कापलेला पातळ छेद उचलायला जी चपटी पळी वापरतात, तिच्यावर घेऊन टर्नर एका मुंगीला मंचावरून खाली वारुळापाशी पोचवीत. काही वेळा असे झाल्यावर पळी पुढे केली की ती मुंगी आपण होऊन तिच्यावर चढू लागली. त्याच वारुळातली दुसरी मुंगी उताराची वाट शिकली होती. ती मात्र पळी दिसताच दूर होई. वारूळ तेच, जात तीच, पळी तीच, प्रकाशही तोच. एकीला ती वाहन वाटली, दुसरीला नकोशी वाटली. कीटक हे केवळ यंत्र असते, तर दोघींनी एकच गोष्ट केली असती. फरक त्यांच्या अनुभवात होता, आणि अनुभव हा प्रत्येकीचा आपापला असतो. माझ्या मते टर्नर यांच्या सगळ्या लेखनात याहून वजनदार असे काही नाही. परतणारी मुंगी वारुळाच्या आसपास घिरट्या घालते, त्या हालचालीला अल्जीरियात काम करणारे फ्रेंच निरीक्षक कॉर्नेट्झ यांनी पुढे टर्नर यांचेच नाव दिले.

डॉक्टरेट झाली, पण विद्यापीठांची दारे उघडली नाहीत. 1908 मध्ये ते सेंट लुई शहरातील समनर हायस्कूलमध्ये रुजू झाले. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील कृष्णवर्णीयांचे ते पहिले हायस्कूल, 1875 साली स्थापन झालेले. शिकवणे, वह्या तपासणे हे सारे सांभाळून उरलेल्या वेळात संशोधन. विद्यापीठाची प्रयोगशाळा नाही, मदतनीस नाहीत. शहरातले ओफॅलन उद्यान हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. रंगीत पुठ्ठ्याच्या चकत्या, पुड्या आणि डब्या करून, ठरावीक रंगांत मध ठेवून त्यांनी मधमाश्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना रंग ओळखता येतात असा निष्कर्ष 1910 मध्ये मांडला. कार्ल फॉन फ्रिश यांचे याच विषयावरील प्रसिद्ध काम 1914 चे. करड्या छटा वापरून फ्रिश यांनी केलेली काटेकोर तपासणी टर्नर यांच्या प्रयोगात नव्हती, हे खरे. पण प्रश्न योग्य रीतीने विचारणारे ते आधीचे होते. फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळाले.

जमिनीत बीळ करणाऱ्या मधमाशीची हकिकत तर कोणत्याही मुलाला आवडेल. एकीच्या बिळाशी कोकाकोलाच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण पडले होते. टर्नर यांनी ते उचलून जवळच केलेल्या दुसऱ्या भोकापाशी ठेवले. माशी आली आणि त्या खोट्या बिळात शिरली. तिने खूण लक्षात ठेवली होती.

1912 आणि 1913 मध्ये त्यांनी झुरळे हाती घेतली. झुरळ अंधार शोधते. अंधारात शिरताच विजेचा सौम्य धक्का बसेल अशी योजना केल्यावर ती उजेडात राहावयास शिकली. पाण्यावर उभारलेल्या उघड्या वाटांच्या कोड्यातून घरी जाणेही शिकली. काही झटपट, काही रेंगाळत. टर्नर यांनी हे फरक सरासरीत बुडवून न टाकता नोंदवून ठेवले. पुढे मोठ्या रेशमी पतंगांवर त्यांनी प्रयोग केले. आवाजाला दाद न देणारा पतंग, आवाजाबरोबर त्याला धसमुसळेपणाने हाताळल्यावर, नुसत्या आवाजानेही पंख फडफडवू लागला. ज्या 1913 साली झुरळांचा दुसरा निबंध छापला गेला, त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एकाच देशात, एकाच काळी, एक जण जातीच्या उत्पत्तीचा विचार करीत होता आणि दुसरा सेंट लुईच्या शाळेत झुरळे मोजीत होता.

टर्नर वर्णद्वेषावरही बोलले. 1902 च्या एका संग्रहात, शिक्षणाने वर्णाचा प्रश्न सुटेल काय, या विषयावर त्यांचा लेख आहे. मनाच्या घडणीचा अभ्यासक या नात्याने त्यांनी तो प्रश्न हाताळला, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना शिक्षण मिळाले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. पण शिकलेल्यांच्या विद्यापीठांनीच त्यांना बाहेर ठेवले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी 1939 मध्ये लिहिलेल्या एका लेखात याची हकिकत दिली आहे : शिकागो विद्यापीठात त्यांची नेमणूक होण्याच्या बेतात होती, बोलावणारे विभागप्रमुख वारले, आणि नव्या प्रमुखांना कृष्णवर्णीय माणूस नको होता. उपेक्षा आणि अतिश्रम यांनी टर्नर संपले, असे ड्यू बॉईस यांचे मत. हेच ते ड्यू बॉईस, ज्यांच्याशी बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्रव्यवहार केला.

असे असता तीस वर्षांत टर्नर यांनी सत्तरच्या आसपास निबंध प्रसिद्ध केले. मुंगी कोणत्या वारुळातली हे पाहून तिच्याविषयी निर्णय देणे त्यांनी नाकारले. त्यांच्याविषयी मात्र निर्णय कातडी पाहून दिला गेला. प्रकृती ढासळल्याने 1922 मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि 14 फेब्रुवारी 1923 रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. वय छप्पन्न. दोन वर्षांनी, 1925 मध्ये, सेंट लुई शहरात अपंग कृष्णवर्णीय मुलांसाठी एक शाळा उघडली गेली. तिला टर्नर यांचे नाव देण्यात आले.