ब्रूस मॅक्लॅरन

मोटारींच्या शर्यतींचें नांव काढतांच पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं. तो धंदा जिवावरचा आहे, व ज्याचें चरित्र आम्ही येथें देत आहों त्याचा अंतही त्यांतच झाला. तरीही हें चरित्र विद्यार्थ्यांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें, तें त्याच्या वेगासाठीं नव्हे. एका अधू पायाच्या मुलानें जुन्या इंजिनापाशीं बसून जी विद्या व जी चिकाटी संपादन केली, तिच्यासाठीं.

ब्रूस मॅक्लॅरन ह्याचा जन्म ता. ३० ऑगस्ट १९३७ रोजीं न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं झाला. त्याचे वडील लेस ह्यांचा रेमुएरा ह्या भागांत पेट्रोलविक्रीचा व मोटारदुरुस्तीचा धंदा होता. तेलाचा वास व हत्यारांचा खणखणाट ह्यांतच मुलाचें बाळपण गेलें. तो नऊ वर्षांचा असतां त्याच्या कमरेच्या सांध्याला पर्थेस नांवाचा रोग जडला. टाकापूना येथील विल्सन होम ह्या अपंग मुलांच्या आरोग्यगृहांत त्याला सुमारें दोन वर्षें काढावीं लागलीं, आणि त्यांतील पुष्कळसा काळ अंथरुणास खिळून. तो बरा झाला खरा, परंतु डावा पाय उजव्याहून आंखूड राहिला, व चालतांना लंगडणें जन्मभर सुटलें नाहीं. मैदानी खेळांचें दार त्याला बंद झालें.

अशा वेळीं वडिलांनीं १९२९ सालची एक ऑस्टिन सेव्हन अल्स्टर जातीची मोटार विकत घेतली. मोटार म्हणण्यापेक्षां मोटारीचे सुटे भाग म्हणणें अधिक यथार्थ होईल! ती जुळवून विकावी व चार पैसे मिळवावे असा वडिलांचा बेत होता. परंतु मुलाचें मन तिच्यावर जडलें आणि त्याच्या आग्रहामुळें ती घरींच राहिली. बापलेकांनीं एकेक भाग स्वच्छ करून, झिजलेला दुरुस्त करून ती गाडी पुन्हां उभी केली. हीच ब्रूसची पहिली यंत्रशाळा होय.

त्या गाडीचें इंजिन अवघें ७४७ घनसेंटिमीटरचें. चार सिलिंडर, बाजूस बसविलेल्या झडपा, आणि सर्व शक्ति चाकांकडे नेणारा क्रँकचा दांडा केवळ दोन टोकांच्या बेअरिंगांवर तोललेला. इंजिन फार वेगानें फिरूं लागलें कीं हा दांडा मधोमध लवतो. १९५२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आगेमागे, ब्रूसनें ही गाडी ऑकलंडजवळील मुरिवाई येथील चढणीच्या शर्यतींत उतरविली. ह्या शर्यतींत गाड्या एकामागून एक एकट्याच टेकडी चढतात व प्रत्येकीचा वेळ घड्याळावर मोजला जातो. एकेक चढण मिनिटां-दोन मिनिटांची. पण तेवढ्यांत इंजिनाची सारी शक्ति पणास लागते. म्हणून हौशी स्पर्धकाचा मोसम चढणीवर थोडा व घरच्या कारखान्यांतच अधिक जातो. वरचें झांकण उतरवावें, सांचलेली काजळी खरवडावी, झडपा त्यांच्या बैठकींवर घासून चपखल बसवाव्या, दट्ट्यांचीं कडीं तपासावीं, बेअरिंगांतील झीज मापावी, आणि पुढील शर्यतीच्या आंत सर्व पुन्हां जुळवावें. एखादा बोल्ट ढिला राहिला तर साऱ्या श्रमांची माती होते. ब्रूसचें यंत्रज्ञान असल्याच कामांतून वाढलें. दीर्घ दुखण्यांत धीर धरण्यास जो शिकला, त्याला ह्या संथ कामाचा कंटाळा कसा येणार?

पुढें त्यानें ऑकलंड विद्यापीठांत इंजिनियरिंगचा अभ्यास आरंभिला. १९५८ मध्यें न्यूझीलंडांतून होतकरू स्पर्धक युरोपांत पाठविण्याच्या योजनेखालीं पहिली निवड त्याचीच झाली. कूपर ह्या संघातर्फे १९५९ च्या डिसेंबरांत, अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें सेब्रिंग येथें अमेरिकेची ग्रां प्री जिंकली. १९६३ मध्यें त्यानें स्वतःचा संघ स्थापिला. १९६६ मध्यें मोनाको येथें त्याची स्वतःची पहिली ग्रां प्री गाडी उतरली, पण तिचें इंजिन मनासारखें साधलें नव्हतें व तेल गळूं लागल्यामुळें शर्यत अर्ध्यावरच सोडावी लागली. तो खचला नाहीं. त्याच वर्षीं ख्रिस अमन ह्याच्यासह त्यानें फोर्डच्या गाडींतून ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. आणि १९६८ मध्यें स्पा येथें बेल्जियमची ग्रां प्री स्वतःच बांधलेल्या गाडींतून जिंकण्याचा दुर्मिळ मान मिळविला. १९६९ च्या कॅन-ॲम मालिकेंतील अकराही शर्यती त्याच्याच संघानें जिंकल्या.

ता. २ जून १९७० रोजीं इंग्लंडांतील गुडवुड येथें नव्या गाडीची परीक्षा घेत असतां तिच्या मागील भागाचा पत्रा निखळला, गाडी ताब्यांतून गेली, आणि ब्रूस जागींच मरण पावला. त्या वेळीं त्याचें वय बत्तीस वर्षांचें होतें. त्याचा संघ मात्र मोडला नाहीं. त्याचेंच नांव लावून तो आजही शर्यतींत उतरतो, व वोकिंग येथील त्याच्या मुख्य ठिकाणीं ती चिमुकली ऑस्टिन जपून ठेवलेली आहे.

विद्यार्थिमित्रहो, वेगाचा मोह धरा असें आम्ही सांगणार नाहीं. ब्रूसच्या अंताकडे पाहून तसें सांगण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परंतु घरांतील एखादें यंत्र बिघडलें तर तें टाकून देण्यापूर्वीं वडीलमंडळींच्या परवानगीनें उघडून पाहा, प्रत्येक खिळा कोठला तो ध्यानांत ठेवा, आणि तें पुन्हां चालूं लागेपर्यंत उठूं नका. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलाचे हात काळे झाले म्हणून त्यास रागावूं नये. ऑकलंडच्या एका बापानें ती मोडकी गाडी विकली नाहीं, म्हणूनच एका लंगड्या मुलाला आपली वाट सांपडली.