पास्कलची दुसरी नळी

पास्कल म्हटलं की आपल्याला आठवतं ते दाबाचं युनिट. व्हायवात विचारलं, सांगितलं, सुटलो! पण मित्रांनो, मला हा माणूस आवडतो तो एका जादा नळीमुळे.

ब्लेझ पास्कल १६२३ मध्ये फ्रान्समधल्या क्लेर्माँ गावी जन्मला. तीन वर्षांचा असतानाच आई गेली. वडील करवसुलीच्या कामावर. त्यांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून १६४२ मध्ये पठ्ठ्याने दातेरी चाकांचं बेरजेचं यंत्र बनवायला घेतलं. वय एकोणीस, म्हणजे आपलं सेकंड इयर! तब्येत मात्र कायमची नाजूक.

त्याच सुमारास इटलीत टॉरिचेलीने पाऱ्याची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी करून दाखवली होती. पारा साधारण ७६ सेंटीमीटरवर थांबतो. पास्कलला वाटलं, बाहेरच्या हवेचं वजनच तो तोलून धरत असणार. मग डोंगरमाथ्यावर डोक्यावरची हवा कमी, तर पाराही खाली यायला हवा. क्लेर्माँजवळ १४६५ मीटर उंचीचा पुई द डोम होताच. पास्कल दूर होता, म्हणून त्याने थोरल्या बहिणीचे यजमान फ्लोराँ पेरिये यांना पत्र धाडलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये नळी घेऊन चढले. माथ्यावर पारा आठ सेंटीमीटरहून जास्त उतरला.

खरी गंमत पुढे आहे. दुसरी नळी खाली मठाच्या बागेत ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होते. ती हललीच नाही. म्हणजे पारा उतरला तो उंचीमुळे, हवामान बदललं म्हणून नव्हे.

आता आपल्या सायकलीवर या. गेल्या घाटाच्या राइडला आमच्या तिघांच्या जीपीएस यंत्रांनी एकाच रस्त्याची चढाई तीन प्रकारे दाखवली आणि मेसमध्ये वाद पेटला. खरं कुणाचं? जीपीएसला उपग्रह फक्त डोक्यावरचे दिसतात, पायाखालचे नाहीत, त्यामुळे उंचीचा अंदाज कच्चा. म्हणून चांगल्या यंत्रात बॅरोमीटर असतो, म्हणजे पास्कलचीच नळी, चिपच्या रूपात. समुद्रसपाटीजवळ एका मिलिबारला आठेक मीटर असा हिशोब. पण आपल्याकडे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब एरवीही दोन-तीन मिलिबार उतरतो. यंत्राला वाटतं, गडी वीसेक मीटर चढला! त्यात एकूण चढाईत फक्त चढ मिळवतात, उतार वजा करत नाहीत. त्यामुळे बारीकसारीक थरथरही बेरजेत जाते. किती मीटरखालची थरथर सोडून द्यायची, ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

पास्कलने पुढे १६५४ मध्ये फर्माबरोबरच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. मग मन धर्मचिंतनाकडे वळलं. तरी १६६२ मध्ये पॅरिसात ठरलेल्या मार्गांवर भाड्याच्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू करण्यात तो पुढे होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळालं ते १९७१ मध्ये.

आमच्या यंत्रांत तीनही गोष्टी आहेत: उपग्रह, चिप, बेरीज. नाही ती फक्त खालची नळी. म्हणून मेसमधल्या वादावर माझा तोडगा असा: पुढच्या राइडला बॅरोमीटरवाला एक फोन हॉस्टेलच्या खिडकीत ठेवू. रूमवर थांबणाऱ्याने तासातासाला आकडा लिहायचा, आणि परत आल्यावर तेवढा फरक आपल्या नोंदीतून काढून टाकायचा. येताय कोण?