साडीतली मरिया

आजचं वाचन : उत्पत्ती, अध्याय २४.

इसहाकाच्या लग्नाची गोष्ट. खांद्यावर घागर घेऊन विहिरीवर आलेली रिबका, आणि संध्याकाळी शेतात फिरताना दूरवर उंट दिसलेला इसहाक. आचऱ्यात बसून हे वाचलं की मला खाडीकाठचे माड आणि भाताचे कुणगे दिसतात. उंट तेवढे कुठे उभे करायचे कळत नाही! लहानपणी भीती वाटायची, शास्त्रातली माणसं अशी आपल्या गावात आणणं पाप तर नाही ना?

याच गोष्टीपायी एका चित्रकाराला स्वतःचा गोवा सोडावा लागला. अँजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, सांत इस्तेव्ह बेटावर. मुंबईत डॉक्टरकीला गेले, ती सोडली. जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला लागले, तिथली पाश्चात्त्य पद्धतही पटेना. मग थेट बंगाल गाठला आणि अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस यांच्याकडे शिकले.

परत आले ते साडी नेसलेली मरिया घेऊन. सावळी, आपल्याकडच्या बाईसारखी. गोव्यातल्या कित्येकांना, त्यात धर्मगुरूही आले, हा पवित्र मातेचा अपमान वाटला. आपलीच माणसं, आपलंच चर्च, आणि पाखंडी असल्यासारखी वागणूक. अँजेलो पुण्याला निघून गेले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना जागा मिळाली. आश्रम अँग्लिकन, हे कॅथलिक. पण तिथे त्यांचं चित्र कुणाला खुपलं नाही.

आता गंमत बघा. रोममध्ये राहणाऱ्या क्लोद लोरँ या चित्रकाराने १६४८ मध्ये इसहाक-रिबकाचं हेच लग्न रंगवलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, नेटवर नक्की शोधा. त्यात कनान कुठेच नाही. इटलीतली झाडं, नदी, पाणचक्की, आणि गवतावर नाचणारी माणसं. नवरा-नवरी तर शोधावीच लागतात! ते पाहून कुणी नाक मुरडत नाही. बायबल इटलीत गेलं तर चालतं, कोकणात आलं की मात्र भुवया उंचावतात. मला हे अजूनही बोचतं.

अँजेलो रंगवत राहिले. १९५१ मध्ये आयव्हींशी लग्न झालं, आणि त्यानंतरच्या मरियेत आयव्हींचा चेहरा दिसू लागला. घरातलीच बाई देवाची आई म्हणून समोर बसवायची, याला किती श्रद्धा लागत असेल!

१९६७ चा नाताळ नुकताच झाला होता, तेव्हा पुण्यात ते गेले. मागे शेकडो चित्रं राहिली. आयव्हींनी ती जपली, आणि पुढे ती पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आली. साडीतली मरिया गोव्यात परतली, पण अँजेलो गेल्यावर.

उद्या अध्याय २५. याकोब आणि एसाव.