शोधपत्रकारितेचा वादळी अग्रदूत : विल्यम स्टेड

सोमवार, ६ जुलै १८८५. लंडनमध्ये सायंकाळी प्रसिद्ध होणाऱ्या 'पॅल मॅल गॅझेट' या दैनिकाचा अंक बाजारात आला आणि काही तासांतच साऱ्या शहरात खळबळ उडाली. व्हिक्टोरिया राणीच्या साम्राज्याच्या राजधानीत कोवळ्या मुलींची राजरोस खरेदी-विक्री होते, हे त्या अंकाने तपशीलवार उघड केले होते. ज्यांना सुखाच्या भ्रमात राहावयाचे आहे त्यांनी आगामी अंक वाचूच नयेत, असा इशारा दैनिकाने दोन दिवस आधीच देऊन ठेवला होता. परिणाम अर्थातच उलटा झाला. वृत्तपत्र कार्यालयाबाहेर अंकासाठी झुंबड उडाली. या वादळाचे जनक होते दैनिकाचे ३६ वर्षांचे संपादक विल्यम टॉमस स्टेड.

'स्टिंग ऑपरेशन' हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी स्टेड यांनी तो मार्ग चोखाळला. त्यातून एक ऐतिहासिक कायदा झाला आणि त्यातूनच स्टेड स्वतः तुरुंगात गेले. सत्कार्यासाठी पत्रकाराने कोणत्या थरापर्यंत जावे, या प्रश्नाचा विचार करताना त्यांच्या चरित्राला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

स्टेड यांचा जन्म ५ जुलै १८४९ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील एम्बल्टन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. प्रारंभीचे शिक्षण त्यांनीच घरी दिले. शाळेत स्टेड जेमतेम दोन वर्षे गेले आणि किशोरवयातच न्यूकॅसल येथील एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करू लागले. फावल्या वेळात ते वृत्तपत्रांसाठी लेखन करीत. त्या लेखणीतील धार ओळखून 'नॉर्दर्न एको' या डार्लिंग्टनच्या दैनिकाने १८७१ साली त्यांना थेट संपादकपदी बसविले. वृत्तपत्राचा संपादक हा जणू विनामुकुट धर्मोपदेशकच असतो, अशी त्यांची धारणा होती. १८७६ मध्ये बल्गेरियात तुर्की फौजांनी केलेल्या अत्याचारांविरुद्ध त्यांनी उठविलेला आवाज इंग्लंडभर गाजला.

१८८० साली ते लंडनला आले आणि 'पॅल मॅल गॅझेट'चे साहाय्यक संपादक झाले. १८८३ मध्ये संपादकपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या काळी इंग्रजी वृत्तपत्रे म्हणजे लांबलचक भाषणांचे गिचमिड रकाने. स्टेड यांनी ठसठशीत मथळे, उपमथळे, नकाशे आणि मुलाखती यांची जोड देऊन त्यांचा चेहराच पालटला. जानेवारी १८८४ मध्ये त्यांनी घेतलेली जनरल गॉर्डन यांची मुलाखत आणि त्याच वर्षी आरमाराच्या दुरवस्थेवर लिहिलेली लेखमाला यांचा सरकारी धोरणावर थेट परिणाम झाला. लेखणीने सरकार हलविता येते, हा त्यांचा विश्वास येथे दृढ झाला.

अशातच मे १८८५ मध्ये लंडन नगरीचे खजिनदार बेंजामिन स्कॉट त्यांच्या भेटीस आले. इंग्रज मुलींना नोकरीच्या आमिषाने युरोप खंडातील कुंटणखान्यांत पाठविण्याच्या धंद्याविरुद्ध झगडणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. ब्रुसेल्समधील अशी प्रकरणे १८८० सालीच उघडकीस आली होती. लॉर्डांच्या सभागृहाने त्यावर चौकशी समितीही नेमली होती. तिच्या शिफारशींनुसार तयार झालेले विधेयक मात्र वर्षानुवर्षे रखडत होते. त्या वेळी इंग्लंडमध्ये मुलींचे संमतिवय होते अवघे १३ वर्षे. याचा अर्थ, १३ वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला फसवून तिचा उपभोग घेणाऱ्याला केवळ तिच्या तथाकथित होकाराच्या आधारे मोकळे सुटता येत असे. मेच्या अखेरीस कनिष्ठ सभागृहात विधेयक पुन्हा बोलबोलून मारले गेले. आता जनमताचा रेटाच हवा, असे स्कॉट यांनी सुचविले.

प्रथम स्टेड यांचा या कथनावर विश्वास बसेना. त्यांनी लंडनच्या गुप्तचर पोलीस खात्याच्या माजी प्रमुखांची गाठ घेतली. असे प्रकार घडतात आणि प्रचलित कायद्याने पोलिसांचे हात बांधलेले आहेत, हे त्यांच्याकडून कळताच स्टेड पेटून उठले. त्यांनी एक खासगी शोधपथकच उभे केले. वेश्यांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचणाऱ्या जोसेफिन बटलर, मुक्तिफौजेचे ब्रॅमवेल बूथ आणि सॅम्पसन जॅक्स नावाचे एक सहकारी हे त्यात होते. पुढील काही आठवडे हे पथक दलाल, कुंटिणी, सुइणी आणि पीडित मुली यांच्या जबान्या गोळा करीत लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्यांतून फिरले. कडक धार्मिक आचरणाचे स्टेड या काळात शौकीन धनिकाचे सोंग घेऊन वावरत होते.

जबान्या पुष्कळ जमल्या. परंतु त्या उद्या कोणी नाकारल्या तर? निर्विवाद पुरावा हवा म्हणून स्टेड यांनी स्वतःच एक मुलगी विकत घेऊन दाखविण्याचे ठरविले. पूर्वी कुंटणखाना चालविणाऱ्या आणि मुक्तिफौजेच्या प्रभावाने त्या मार्गापासून परावृत्त झालेल्या रेबेका जॅरेट यांच्यावर ही कामगिरी सोपविण्यात आली. जुन्या ओळखी पुन्हा जागवाव्या लागणार म्हणून त्या नाखूष होत्या. स्टेड यांनी आग्रह धरला.

लिसन ग्रोव्ह या गरीब वस्तीत राहणारी एलायझा आर्मस्ट्राँग ही १३ वर्षांची मुलगी जून १८८५ च्या प्रारंभी त्यांच्या हाती लागली. व्यवहार ठरला पाच पौंडांचा. आपण नोकरीला चाललो आहोत, एवढेच एलायझाला ठाऊक होते. एका सुइणीकडे तिच्या कौमार्याची तपासणी झाली. मग पोलंड स्ट्रीटवरील एका घरात तिला नेण्यात आले, क्लोरोफॉर्म हुंगविण्यात आले. स्टेड खोलीत आले, मुलगी घाबरून ओरडली आणि ते बाहेर पडले. गिऱ्हाईक दुसरे कोणी असते तर काय झाले असते, हे सिद्ध झाले होते. तिला काही इजा झालेली नाही, याचा दाखला मिळविण्यासाठी त्याच रात्री तिची पुन्हा वैद्यकीय तपासणी करण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी मुक्तिफौजेच्या देखरेखीखाली तिची रवानगी फ्रान्सला झाली. आपल्या बाबतीत काय चालले आहे, हे तिला कोणीही विचारले वा सांगितले नाही.

लेखमाला ६, ७, ८ आणि १० जुलै रोजी प्रसिद्ध झाली. रेल्वे स्थानकांवर पुस्तके व वृत्तपत्रे विकणाऱ्या बड्या कंपनीने अंक विकण्यास नकार दिला. तेव्हा रस्त्यावरची पोरे आणि मुक्तिफौजेचे कार्यकर्ते विक्रीस उभे राहिले. एकेक अंक मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला गेला. मुक्तिफौजेने सुमारे ३ लाख ९३ हजार सह्यांचे निवेदन संसदेला सादर केले. अडगळीत पडलेले विधेयक बाहेर निघाले आणि १४ ऑगस्ट १८८५ रोजी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. संमतिवय १३ वरून १६ वर गेले. मुलींना पळवून धंद्याला लावणाऱ्यांवर कडक कारवाईची तरतूद झाली. २२ ऑगस्टला हाइड पार्कमध्ये विराट सभा भरली. स्टेड यांच्या विजयाचा तो कळस होता.

उतारही तितक्याच वेगाने सुरू झाला. लेखमालेत 'लिली' या नावाने रंगविलेली मुलगी आपलीच असल्याचे एलायझाच्या आईने ओळखले. ती पोलिसांकडे गेली. मुलीला विकले नाही, मोलकरणीच्या कामासाठी पाठविले, असे तिचे म्हणणे होते. प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरले. 'लिली'चा खरेदीदार स्वतः संपादकच होता, ही गोष्ट स्टेड यांनी वाचकांपासून दडवून ठेवली होती. सत्य सांगण्याचा दावा करणाऱ्या लेखमालेतील ही सर्वांत मोठी उणीव होती. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला. मुलीला नेण्यास वडिलांची संमती घेतलेलीच नव्हती, या मुद्द्यावर बचाव कोसळला. हेतू उदात्त असला तरी अपहरण ते अपहरणच, असा न्यायालयाचा दृष्टिकोन होता.

१० नोव्हेंबर १८८५ रोजी स्टेड यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. ब्रॅमवेल बूथ निर्दोष सुटले. रेबेका जॅरेट यांना सहा महिने, तर लुईस मूरेझ या सुइणीला सहा महिने सक्तमजुरी झाली. स्टेड यांना पहिले काही दिवस वगळता हॉलोवे तुरुंगात स्वतंत्र खोली, शेकोटी आणि लेखनाची मुभा मिळाली. तेथूनच ते दैनिकाचे काम पाहत. मूरेझ मात्र तुरुंगातच मरण पावली. त्यानंतर दर वर्षी १० नोव्हेंबरला स्टेड तुरुंगातील आपला गणवेश अभिमानाने परिधान करीत. रेबेकाच्या वा सुइणीच्या वाट्याला असा अभिमान येणे शक्य नव्हते.

कायद्याचीही दुसरी बाजू होती. ऐनवेळी त्यात घुसविलेल्या एका कलमाने पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरविले. पुढे १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांना याच कलमाखाली तुरुंगवास घडला.

या चळवळीने पुढे आणलेला संमतिवयाचा प्रश्न त्याच काळात भारतातही पेटत होता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध मोहीम उघडली होती आणि १८९० मध्ये ते इंग्लंडला जाऊन तेथील जनमत जागवीत होते. १८९१ मध्ये भारतातील संमतिवय १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला, तेव्हा पुण्यात केवढे रण माजले हे मराठी वाचकांना ज्ञात आहे. परकीय सरकारने सामाजिक चालीरीतींत हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळक विरोधात, तर आगरकर कायद्याच्या बाजूने ठाम उभे होते.

स्टेड यांनी १८९० मध्ये 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज' हे मासिक काढले. शिकागोतील भ्रष्टाचारावर त्यांनी पुस्तक लिहिले. परलोकविद्येच्या नादाने त्यांची विश्वासार्हता घटली, बोअर युद्धाला केलेल्या विरोधाने लोकप्रियताही ओसरली. जागतिक शांततेचा ध्यास मात्र सुटला नाही. न्यूयॉर्कमधील शांतता परिषदेत बोलण्यासाठी ते एप्रिल १९१२ मध्ये 'टायटॅनिक'वर चढले. १५ एप्रिलच्या पहाटे जहाजाबरोबर त्यांनाही जलसमाधी मिळाली. त्यांचा मृतदेह हाती लागला नाही. पुरेशा जीवरक्षक नौकांअभावी प्रवासी बुडतात, अशी कथा त्यांनी १८८६ मध्येच प्रसिद्ध केली होती, हा दैवाचा विलक्षण योगायोग!

भारतात २०१२ च्या 'पोक्सो' कायद्याने बालकाची वयोमर्यादा १८ वर्षे केली आहे. तरीही नोकरीचे वा लग्नाचे आमिष दाखवून मुलींना विकणारे दलाल संपलेले नाहीत आणि त्यांचा छडा लावणाऱ्या छुप्या कॅमेऱ्यांपुढे जुनाच प्रश्न उभा आहे. असंख्य मुलींना कायद्याचे संरक्षण मिळवून देणाऱ्या स्टेड यांचे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु संमतीसाठी लढल्या गेलेल्या त्या लढाईत एलायझाची संमती कोणीच घेतली नव्हती. पुरावा म्हणून वापरले जाणारे मूल आधी माणूस असते, याचे भान राखणे हीच स्टेड यांच्या चरित्राची शिकवण होय.