काजळी, बेंझिन आणि फॅरेडे

मायकेल फॅरेडे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कॉइल, मॅग्नेट आणि परीक्षेत हमखास येणारा इंडक्शनचा नियम! इलेक्ट्रिकलवाल्यांनी तर त्याला आपल्या ब्रँचचं कुलदैवतच करून टाकलंय. पण मी केमिकलची विद्यार्थिनी. फुलरीनबद्दल वाचता वाचता हा माणूस मला भेटला आणि वाटलं, अरे, याच्यावर आमचाही तेवढाच हक्क आहे!

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टनमधला. वडील लोहार, त्यांची तब्येत तोळामासा, घरात पैशांची ओढाताण. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब, बस्स. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि मग तिथेच सात वर्षं बाइंडिंगची उमेदवारी केली. बाइंडिंगला आलेली पुस्तकं तो नुसती शिवत नव्हता, वाचतही होता. जेन मार्सेट या लेखिकेच्या पुस्तकानं त्याला रसायनशास्त्राचं वेड लावलं. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकानं त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पठ्ठ्यानं चारही व्याख्यानांच्या नोट्स काढल्या, फेअर केल्या, स्वतः बाइंड केल्या आणि सरळ डेव्हींकडे पाठवून दिल्या! मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला असिस्टंटची नोकरी मिळाली.

त्याच वर्षी तो डेव्हींबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. डेव्हींच्या पत्नीनं त्याला नोकरासारखं वागवलं, इतकं की सगळं सोडून घरी परतावं असं त्याच्या मनात येई. तरी तो टिकला. १८१४ मध्ये फ्लॉरेन्सला या गुरू-शिष्यांनी मोठ्या भिंगानं ऊन एकवटून ऑक्सिजनमध्ये हिरा जाळला. हाती आला फक्त कार्बन डायऑक्साइड. म्हणजे हिरा हा निव्वळ कार्बन! इथून कार्बननं त्याची पाठ कधी सोडली नाही.

पुढे गंमत बघा. ज्या डेव्हींनी त्याला घडवलं, त्यांनीच १८२४ मध्ये त्याच्या रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाला विरोध केला. तरीही तो निवडून आला. याचा त्याला किती त्रास झाला असेल! पण तो भांडत बसला नाही, प्रयोगशाळेत गेला.

तेव्हा लंडनमध्ये तेलापासून बनवलेला दिव्याचा गॅस दाबून, सिलिंडरमध्ये भरून विकत असत. दाबामुळे त्यातून एक तेलकट द्रव वेगळा व्हायचा. कंपनीच्या दृष्टीनं ती कटकट. फॅरेडेनं ती तपासायला घेतली. पुन्हा पुन्हा डिस्टिलेशन, वेगवेगळ्या तापमानाचे भाग वेगळे, मग बर्फात गोठवणं. शेवटी साधारण साडेपाच अंशांना गोठणारा एक स्वच्छ द्रव हाती आला. १८२५ मध्ये त्यानं तो जगापुढे मांडला. तेच आपलं बेंझिन. त्याच्या रेणूत कार्बनचा षटकोन आहे हे मात्र त्याला कळणं शक्य नव्हतं. केकुलेनं ती कल्पना मांडली १८६५ मध्ये. फॅरेडेनं फक्त जे दिसलं, मोजलं, ते चोख लिहून ठेवलं.

१८६० च्या नाताळात त्यानं मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. ज्योतीचा उजेड कशामुळे? तर तापून लाल-पिवळ्या झालेल्या कार्बनच्या कणांमुळे, म्हणजे काजळीमुळेच. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला. सरदारकी त्यानं नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं.

आता फुलरीनकडे येऊ. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू शोधला, सी-६०. पण तो मिळायचा नाममात्र. १९९० मध्ये क्रॅशमर, हफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियममध्ये ग्रॅफाइट तापवून काजळी केली आणि ती धुतली कशानं? बेंझिननं! द्रव लाल झाला. कारण उघड आहे. ग्रॅफाइटचे थर कशातच विरघळत नाहीत, पण सी-६० हा सुटा रेणू. तो पाण्याला दाद देत नाही, बेंझिनमध्ये मात्र विरघळतो. द्रव उडून गेला आणि मागे फुलरीनचे स्फटिक उरले.

हे नुसतं विरघळणं झालं, रिअ‍ॅक्शन नव्हे. पण त्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड टाकलं, तर बेंझिनचे रेणू त्या पिंजऱ्याला खरोखरचे बाँड करून चिकटतात. ओला यांच्या गटानं १९९१ मध्ये ते दाखवलं. त्याच वर्षी हेही दिसलं की कमी दाबाखाली, अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये बेंझिन जाळलं तर त्याच्या काजळीतच सी-६० तयार होतो! आज बेंझिनच्या विषारीपणामुळे बहुतेक लॅबमध्ये टोल्युइन वापरतात. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे तीन मिलिग्रॅम सी-६० मावतो.

हिरा, काजळी, बेंझिन... तिन्ही गोष्टी फॅरेडेच्या हातून गेल्या. फुलरीन त्याच्या स्वप्नातही नसेल. पण कुणाला नको असलेला तेलकट द्रव त्यानं मन लावून शुद्ध केला आणि १६५ वर्षांनी त्याच द्रवानं काजळीतून कार्बनचं नवं रूप बाहेर काढलं. मित्रांनो, प्रॅक्टिकलला रीडिंग घेताना याचा उपयोग काय, असं आपण सारखं विचारतो. कधी कधी त्याचं उत्तर आपल्याला मिळायचंच नसतं. रीडिंग मात्र खरं घ्यायचं असतं.